मित्रासाठी इलेक्ट्रिक गिटार घरी घडवायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रह्मपुरीजवळच्या गावातला, घरी सुतारकाम असलेला एक तरुण मित्रासाठी इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हातानं करू पाहतो आहे. मित्र झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत संगीत पार्टीसोबत बसून गिटार वाजवतो. जुनं घर पाडलं तेव्हाचं सागवान घरी पडून आहे. त्याला विचारायचं आहे की साग चालेल का, नेक (गिटारची मान) घरी जमेल का, पिकअपही (तारांची हालचाल विजेत बदलणाऱ्या कॉइल) स्वतः गुंडाळावेत का, आणि दिवाळीनंतर मंडया (ही नाटकं होतात त्या गावजत्रा) सुरू होईपर्यंत हे सगळं होईल का.

भाऊ, साग चालतो. नेकही जमेल, वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, घरच्या माणसाला तर नक्कीच. पिकअप विकत घ्या. दिवाळीचं शेवटी बोलू.

पण तुमच्या लिहिण्यात लाकडाचा उल्लेख जागोजागी आहे आणि मित्राच्या हाताचा एकदाही नाही. दुकानातली गिटार कोणासाठीच बनवलेली नसते. तुम्ही बनवणार ती एका माणसासाठी, म्हणून माप तिथूनच सुरू करा. तो सध्या जी गिटार वाजवतो ती दोन दिवस मागून आणा आणि व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसा. नटापाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) नेकची रुंदी किती, पहिल्या फ्रेटखाली (नेकवरची आडवी धातूची पट्टी) जाडी किती, बाराव्याखाली किती, हे लिहून घ्या. नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा, तो तिचा स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. फेंडर पद्धतीच्या गिटारचा स्केल ६४८ मिमी असतो, गिब्सन पद्धतीच्या गिटारचा साधारण ६२८. ज्या स्केलवर त्याची बोटं वर्षानुवर्षं फिरली तोच ठेवा. मग त्याला विचारा, या गिटारमध्ये काय टोचतं? बोटं आखूड असणारा सांगेल की नेक जाड वाटते. लांब हाताचा सांगेल की तारा एकमेकींना फार चिकटून आहेत. नटापाशी एक मिलिमीटर कमी-जास्त केला तरी वाजवणाऱ्याला लगेच कळतो.

आणखी एक गोष्ट तुमच्याच प्रश्नात दडली आहे. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं आणि तुमचा मित्र बसून वाजवतो. म्हणजे बॉडीला खालून मांडीवर बसणारी कंबर हवी आणि गिटार नेकच्या बाजूला कलंडायला नको. बाण किंवा चांदणी यांसारखे टोकदार आकार फोटोत शोभतात, मांडीवर टिकत नाहीत. टेलिकास्टरसारखा साधा आकार घ्या. १९५० साली लिओ फेंडरनं बाजारात आणलेली ही रचना आजही शिकाऊ हातासाठी सगळ्यांत सोपी आहे. सपाट बॉडी, सपाट बसणारी नेक, मागून चार स्क्रू. बॉडी आणि नेक वेगवेगळ्या तयार होतात, त्यामुळे एक बिघडली तर दुसरी वाया जात नाही.

आता लाकूड. तुमच्या सागावर माझा आक्षेप आवाजासाठी नाही, वजनासाठी आहे. सुक्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो. ४५ मिमी जाडीची पूर्ण भरीव बॉडी केली तर ती एकटीच अडीच किलोच्या आसपास जाते. त्यावर नेक, चाव्या, ब्रिज (तारांचा खालचा आधार), पिकअप चढले की चार किलो सहज. एका गाण्यापुरतं ठीक आहे, पहाटेपर्यंत मांडीवर ठेवायला नाही. तोडगा सोपा आहे. बॉडी दोन थरांत करा. खालचा ३५ मिमीचा थर आतून पोकळ करा, ब्रिज आणि नेकखालचा मधला पट्टा भरीव ठेवा, आणि वर १० मिमीची सागाची पाटी चिकटवा. किंवा खालचा थर शिवणीचा घ्या. शिवण सागापेक्षा बरीच हलकी, सुकल्यावर फारशी वाकत नाही आणि पटाशीखाली लोण्यासारखी निघते. आपल्याकडे शिवणीला कोणी फार किंमत देत नाही, हे मला नेहमी आश्चर्याचं वाटतं.

सागाचा आवाज गोड की महोगनीचा, या वादात पडू नका. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप ऐकतो तो पोलादी तारेची हालचाल. तारा, पिकअप, पिकअपची जागा आणि नेक किती ताठ आहे, यांच्यापुढे बॉडीच्या लाकडाचा वाटा लहान आहे. क्वीन बँडच्या ब्रायन मेनं १९६३ मध्ये वडिलांसोबत घरीच गिटार करायला घेतली. तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आणि बॉडीत ब्लॉकबोर्डसुद्धा आहे. व्हायब्रेटोच्या यंत्रणेत मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या. तीच गिटार घेऊन तो माणूस आयुष्यभर जगभर वाजवत फिरला.

तुमचं जुनं सागवान बॉडीपेक्षा नेकसाठी जास्त मोलाचं आहे. कवेलूच्या छपराखाली कित्येक उन्हाळे-पावसाळे काढलेली मयाल (छपराची तुळई) जे हलायचं ते हलून बसलेली असते. असं लाकूड नव्या आरा मशीनवर मिळत नाही. मात्र कापण्याआधी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक बाजूवरून फिरवा. मोडलेला खिळा वरून दिसत नाही, आणि राउटरचा (लाकूड कोरायचं विजेचं यंत्र) दात त्यावर आदळला की दात जातो, कधी डोळाही. चष्मा लावा. सागात सिलिका असते, त्यामुळे रंध्याची धार लवकर जाते. दगड हाताशी ठेवा आणि वरचेवर पाजवत राहा.

नवीन लाकूड लागलंच तर परवानाधारक आरा मशीनवरून बिलासह घ्या. शेतातलं झाड पाडायचा विचार असेल तर आधी वनविभागाकडे जा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, बिजा, हळदू, ऐन, मोह ही झाडं अनुसूचित आहेत, स्वतःच्या जमिनीवर असली तरी परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. गडचिरोली-चंद्रपुरात राहणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको, पण एका फळीसाठी नाक्यावर उभं राहायची वेळ येऊ नये.

कापलेल्या फळ्या काम करणार त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा. दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर एक फळी तोला. वजन बदलायचं थांबलं की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. विदर्भात हे सोडून चालत नाही. मे महिन्यात ४५ अंशांवर हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते तेव्हा लाकडात जेमतेम ४-५ टक्के ओल उरते. श्रावणात तेच लाकूड १७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. समुद्राकाठच्या कारागिराला वर्षभर साधारण एकच हवा मिळते, आपल्याला दोन टोकं मिळतात. फ्रेटबोर्ड (नेकवर चिकटवलेली, फ्रेट बसतात ती पाटी) आणि नेक दोन्ही या टोकांमध्ये झोके घेणार आहेत, हे धरूनच सगळे निर्णय घ्यायचे.

म्हणून नेकची पट्टी निवडताना तिचं टोक बघा. वाढवलयांच्या रेषा टोकावर उभ्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे फ्रेटबोर्डच्या पृष्ठभागाला काटकोनात. सागात आडव्या रेषांचा तुकडा रुंदीत उभ्या रेषांच्या तुकड्यापेक्षा जवळपास दुप्पट आकसतो-फुगतो. इतकी सरळ पट्टी रुंदीत मिळत नसेल तर तीन पट्ट्या उभ्या चिकटवा आणि मधली उलटी फिरवा, म्हणजे एकीची वाकायची ओढ दुसरी रोखते. ताठपणाची काळजी नको. साग त्या बाबतीत मेपलच्या जवळ बसतो आणि महोगनीच्या पुढे आहे.

साग तेलकट असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही तोंडं अ‍ॅसिटोननं पुसा, वाळू द्या आणि लगेच गोंद लावा. सकाळी पुसून संध्याकाळी चिकटवलं तर तेल परत वर आलेलं असतं. गोंद फेव्हिकॉल मरीनच्या दर्जाचा घ्या. साधा पांढरा गोंद उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारमध्ये मऊ पडून सांधा हळूहळू सरकू शकतो, आणि नाटक कंपनीच्या गाडीत गिटार कुठे ठेवली जाईल हे तुमच्या हातात नाही.

फ्रेटबोर्डसाठी शिसव उत्तम. घनमीटरला ८३० किलोच्या आसपास, घट्ट, नैसर्गिक तेल असलेलं लाकूड. जगभरातल्या कितीतरी गिटारांवर बोटांखाली भारतीय शिसव असतो. पण तुमच्या भागात आणखी एक लाकूड आहे ज्याकडे कोणी बघत नाही: तेंदू. उन्हाळ्यात सगळा गाव ज्याची पानं तोडायला जातो तेच झाड. ते आबनूसाच्या कुळातलं आहे, जुन्या झाडाचा गाभा काळा आणि दगडासारखा कठीण निघतो. गाभा मोठा क्वचित मिळतो आणि सुकताना तडकतो. कुठे एखादी जुनी, सुकलेली, न तडकलेली पट्टी हाती आली तर मात्र सोडू नका. ५१० मिमी लांब, ६० मिमी रुंद आणि ७ मिमी जाड एवढीच पुरे.

आता नेकचा क्रम. हा क्रम चुकला की मागे जाता येत नाही, म्हणून इथे घाई नको. लाकूड चौकोनी असतानाच मधोमध रेघ मारा आणि ती रेघ शेवटपर्यंत मिटू देऊ नका. त्या रेघेवर ट्रस रॉडची (नेकचा वाक कमी-जास्त करणारी पोलादी कांब) खाच पाडा. ट्रस रॉड दोन्ही दिशांना चालणारा, ४४० मिमीच्या आसपासचा विकत घ्या, आणि खाच त्याच्याच मापानं करा. तो खाचेत बोटानं दाबून बसला पाहिजे, ठोकावा लागला नाही पाहिजे आणि खुळखुळलाही नाही पाहिजे. दहाच्या जाडीच्या (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) तारा ६४८ मिमी स्केलवर मिळून ४५ किलोच्या आसपास ओढ देतात, ती वर्षानुवर्षं पेलायची आहे. रॉडशिवाय नेक करायचा विचार तुमच्या मनात असेल तर तो आपल्या हवेत सोडून द्या.

फ्रेटच्या खाचा फ्रेटबोर्ड अजून चौकोनी असतानाच कापायच्या, कारण गुण्या लावायला सरळ कड तेव्हाच असते. गणित एकच आहे. स्केलला १७.८१७ नं भागलं की पहिला फ्रेट मिळतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागत जायचं. ६४८ मिमीसाठी नटापासून पहिला फ्रेट ३६.३७ वर येतो, पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१, बारावा बरोबर ३२४ आणि बाविसावा ४६६.१६ वर. आकडे सगळे कागदावर काढून घ्या, पण पट्टीवर खुणा करताना प्रत्येक फ्रेट नटाच्या टोकापासूनच मोजा. आधीच्या खुणेपासून पुढची मोजत गेलात तर प्रत्येक खुणेची बारीकशी चूक पुढच्यात जमा होत जाते. बाराव्या फ्रेटवर अर्ध्या मिलिमीटरची चूक पावणेतीन सेंटच्या आसपास जाते, बाविसाव्यावर जवळपास पाच सेंट. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, त्यामानानं हे लहान वाटेल. पण तुमच्या मित्राच्या शेजारी ऑर्गन वाजत असतो आणि ऑर्गनचे सूर पक्के असतात. गिटार जराही हलली की उघडी पडते. तयार नकाशा छापून चिकटवायचा असेल तर छापल्यावर आधी बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीनं तपासा. झेरॉक्सवाल्याचं मशीन पान बसवण्यासाठी हळूच लहान करतं.

खाचेची करवत पातळ हवी. फ्रेटच्या तारेची खालची जीभ साधारण अर्धा मिमी असते, खाच ०.५८ ते ०.६ मिमी. घरची साधी करवत याला चालणार नाही, एवढं एक हत्यार मागवाच. खाचा झाल्या की फ्रेटबोर्ड नेकवर चिकटवा. मग नेकला बाजूनं निमुळता आकार द्या, फ्रेटबोर्डला गोलाई द्या. १२ इंच त्रिज्येची गोलाई तार-खेचीच्या वादनालाही बरी आणि बसून कॉर्ड धरायलाही बरी. फ्रेट पितळी तोंडाच्या हातोडीनं आधी दोन टोकं, मग मध्य असे बसवा. फ्रेटची तार फ्रेटबोर्डच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त वाकवून घेतली तर टोकं उचलत नाहीत. टोकं कापल्यावर कडेपासून थोडी आत घासा, कारण मे महिन्यात फ्रेटबोर्ड आकसेल आणि धातू आकसणार नाही. उन्हाळ्यात नेकवरून हात फिरवताना बोटाला कुसळासारखं लागतं ते हेच.

मागची बाजू कोरणं सगळ्यांत शेवटी. इथे तुमचं घराणं कामी येईल. जाड दातांच्या कानशीनं आकार काढा, रंध्यानं सरळ करा, शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडून घ्या. पहिल्या फ्रेटखाली २१ आणि बाराव्याखाली २३ मिमी हे बहुतेकांना चालतं, पण तुमच्याकडे मित्राचं माप आहे, तेच धरा. फक्त ट्रस रॉडच्या खाली निदान ४ मिमी लाकूड राहू द्या. थोडं कोरा, एक रात्र तशीच ठेवा, सकाळी सरळपट्टी लावून बघा. लाकूड काढलं की आतली ओढ बदलते आणि नेक किंचित हलते. एका दमात संपवलेली नेक आठवडाभरानं वाकडी निघते. शेवटचा एक-दीड मिलिमीटर मित्राला समोर बसवूनच काढा. त्यानं डोळे मिटून हात फिरवावा, तुम्ही त्या जागी पेन्सिलनं खूण करावी आणि तेवढंच घासावं. कितीही महाग कारखान्यातली गिटार घेतली तरी ही गोष्ट मिळत नाही.

बॉडीचं काम त्यामानानं सोपं. १२ मिमी एमडीएफचा साचा आधी करा, त्यावरून राउटर फिरवा. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की राउटरचा वेग उतरतो आणि तो लाकूड कापायच्या ऐवजी जाळायला लागतो, तेव्हा मशीन ठेवून पटाशी घ्या. नेकचा कप्पा १६ मिमी खोल, आणि इतका नेमका की स्क्रू न लावता नेक धरून उचलली तरी बॉडी लटकून राहिली पाहिजे. ब्रिजची जागा नेक बसवल्याशिवाय नक्की करू नका. नटापासून ६४८ मिमीवर बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा), जाड तारेचं सॅडल दोन-तीन मिमी मागे, आणि सॅडलना दोन्हीकडे सरकायला जागा. दोन्ही कडांच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघा. दोऱ्याचं अंतर फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारखं आलं की मगच ब्रिजची भोकं पाडा.

पिकअपबद्दल. वाइंडिंगची हौस समजते. गावोगावी पंपाच्या मोटारी गुंडाळणारे आहेत, त्यांच्याकडे मशीनही असतं. पण त्यांची तार या कामाला दोरखंड आहे. पिकअपला लागते ४६ गेजची, ०.०६ मिमीच्या आसपासची एनॅमल तार, आणि एका कॉइलवर तिचे हजारो वेढे, फेंडर पद्धतीत आठ हजारांच्या जवळपास. पहिल्या गिटारसोबत हा घोर नको. दोन हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप, घ्या. झाडीपट्टीसाठी हंबकरच, यात मी अडून राहीन. शामियान्यात डिमर, चोकच्या ट्यूबलाइटा, जनरेटर, सगळं एकाच वायरीवर असतं आणि सिंगल कॉइल पिकअप हा सगळा ५० हर्ट्‌झचा गुरगुराट नाटकातल्या शांत प्रसंगात ऐकवतो. हंबकरमध्ये दोन उलट्या कॉइल असतात, बाहेरचा गोंगाट दोघींत उलटसुलट उमटून एकमेकाला खाऊन टाकतो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरनं १९५५ मध्ये ही युक्ती गिटारसाठी बसवली.

हंबकरला ५०० किलोओहमचे लॉग पॉट (बटणाखालचे फिरते रोध), टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तीन जागांचा स्विच. एक व्हॉल्यूम, एक टोन, बस. अंधारात बटणं जितकी कमी तितकं चांगलं. कपॅसिटर साधा पॉलिएस्टर रेडिओच्या दुकानातून घ्या, जुन्या तेलकट कपॅसिटरच्या कहाण्या ऐकून पैसे घालू नका. पिकअप आणि पॉट बसतात त्या खळग्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा आणि तिचे सगळे तुकडे झाळून एकमेकांना जोडा. एक वायर ब्रिजखाली न्या, म्हणजे तारा ग्राउंडला जोडल्या जातील. मल्टिमीटर लावून तपासा: तार आणि जॅकची बाहेरची कडी यांत जवळपास शून्य ओहम दिसायला हवा.

आणि याच वायरीमुळे एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण गावातल्या कार्यक्रमात हिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. गिटारच्या तारा अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अँपला आर्थिंग नसेल, किंवा कोणीतरी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात कोंबली असेल, तर अँपमधला एखादा बिघाड सरळ वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. गिटार एका वायरीवर आणि माइक दुसऱ्या वायरीवर असेल तर दोघांत व्होल्टेजचा फरक राहू शकतो, आणि तार धरलेल्या माणसाचे ओठ माइकला लागले की त्याच्या अंगातून प्रवाह जातो. हिवाळ्यात पहाटे दव पडून जमीन ओली असते तेव्हा धोका आणखी वाढतो. गिटारमधलं ग्राउंड तोडणं हा उपाय नाही. अँप आणि माइकचं मशीन एकाच आर्थ असलेल्या बोर्डावर घ्या, बोर्डाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा, आणि गाण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. मित्राला जमलं तर वायरलेस ट्रान्समीटर घेऊन द्या. गिटार आणि अँपमधली वायरच गेली की हा मार्गच राहत नाही. खरं तर भेट म्हणून पॉलिशवर खर्च करण्यापेक्षा आरसीसीबीची एक पेटी दिलीत तर मी जास्त खूश होईन.

फिनिशचं थोडक्यात. बॉडीला चपड्याचं पॉलिश सुंदर दिसतं, पळसावर आणि कुसुमावर येणारी लाखच ती. पण घामानं ते मऊ पडतं आणि ओल्या हवेत पांढुरकं होतं, म्हणून बॉडीला चालेल, नेकला नको. नेकला उकळलेलं जवसाचं तेल, पातळ हातानं, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. कच्चं घाणीचं जवस तेल वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं, ते वापरू नका. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगातला बोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो, त्यात आपला उन्हाळा. बोळे दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता दिवाळीचं. लाकूड तुमच्याकडे सुकलेलं आहे, त्यामुळे मंडईपर्यंत गिटार वाजती होईल. पण पावसाळ्यात फिनिश करायच्या भानगडीत पडू नका, आणि फिनिशसाठी गिटार अडवूनही ठेवू नका. तारा चढवा, आठव्या फ्रेटपाशी नेकचा खोलगटपणा ०.२ ते ०.२५ मिमी ठेवा, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दोन मिमीच्या आत आणा, बॉडीला चपड्याचा आणि नेकला जवसाच्या तेलाचा एक पातळ हात मारा आणि कच्चीच त्याच्या हातात द्या. पूर्ण सीझन वाजवू द्या. कोणता फ्रेट भणभणतो, स्विच हाताला कुठे लागतो, बॉडीची कोणती कड दंडाला काचते, हे तुम्हाला कट्ट्यावर बसून कळणार नाही, त्याला चार नाटकांत कळेल.

वेळ कमी पडलीच तर तयार नेक विकत घेऊन बॉडी घरी करायला काहीच हरकत नाही. तिचा कप्पा त्या नेकच्या मापानं पाडा म्हणजे झालं. नंतर सवडीनं स्वतःची नेक करून चार स्क्रू काढून बदलता येते. सोबत ट्रस रॉडची किल्ली द्या आणि ती कशी फिरवायची ते दाखवा. एकदा पाव वळसा, मग एक रात्र थांबायचं. बहुतेक नेका पावसाळ्यात तारा वर उचलतात आणि उन्हाळ्यात भणभणतात, तेवढं त्याचं त्याला सांभाळता आलं पाहिजे. होळीच्या सुमारास नाटकं थांबली की गिटार परत मागवा. आधी फ्रेटच्या टोकांवर हात फिरवा, मग नेकचे चारही स्क्रू घट्ट आहेत का बघा, मित्रानं सांगितलेल्या जागा घासून घ्या, आणि मग निवांत पॉलिशला बसा.